चाळीस दिवसांची यादी

६ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, तेव्हा आधी रागावून घे, मग पुढे वाच. इकडे थंडीने कहर केलाय. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असतो. बागेत सामसूम आहे. वाफ्यांवर वाळका पाला पसरलाय, अवजारांना तेल दिलंय आणि मी खिडकीशी बसून बाइंडिंगच्या उरलेल्या कागदाच्या पुड्या करतोय, तुझ्याकडून येणाऱ्या बियांसाठी. दुकान बंद केलं तरी माझ्या हातांना चैन नाही, असं हिचं म्हणणं.

यंदाची यादी: मुळा, पालक, कोथिंबीर, सॅलडचा पाला. थंडी ओसरली की पेरीन. जास्त पसारा नको वाटतो. तब्येत बरी आहे. पोटात थोडं जळजळतं, ते वयाचे चोचले.

यादी आखूड असली तरी लोभ आखडता घेऊ नये.

तुझा,
खुरप्या

१४ जानेवारी

चि. खुरप्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, रागावून झालं. माझ्या जेवणाच्या टेबलावर सध्या बश्यांमध्ये बियाच बिया आहेत, आणि वालाच्या बशीत शेजारणीची मांजर झोपते. वहिनीला सांग, तिने विणलेले मोजे चढवल्याशिवाय मी अंगणात पाऊल टाकत नाही.

आता कामाचं. तुझी यादी मी तीनदा वाचली. तीत भोपळा नाही. गेल्या साली तुझा भोपळा माझ्या भोपळ्यापेक्षा दोन किलो कमी भरला, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात माझी जिरवायची पैज तूच लावली होतीस. पैज विसरणारा तू नव्हेस. वांगी नाहीत, वाल नाही. जे मागितलंस ते सगळं तीस-चाळीस दिवसांत काढून मोकळं होता येतं. दोन महिन्यांच्या भाडेकरूने लावाव्यात अशा या भाज्या आहेत! तुम्ही घर सोडताय का? की त्या जळजळीबद्दल डॉक्टर काही बोललेत? मला गोल गोल उत्तर देऊ नकोस. चौथीत तू प्रगतिपुस्तक पत्र्याच्या डब्यात दडवलं होतंस, तेही मीच शोधून काढलं होतं.

उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही. तरी आशीर्वाद आहेतच.

अक्का

२१ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. पानगळीच्या दिवसांत तपासण्या झाल्या. पोटात गाठ आहे आणि ती वाईट आहे. ऑपरेशन केलं तर निम्मी आशा, नाही केलं तर उन्हाळ्याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी नको सांगून आलो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत विचार करा, त्यानंतर उशीर होईल, असं त्यांनी बजावलंय.

अक्का, मी भ्यालोय. त्या टेबलावरून उठलोच नाही तर? त्यापेक्षा हाताने पेरलेला मुळा हाताने उपटून खावा, एवढंच मनात येतं. वांग्याची वाट बघायचा धीर नाही.

हिला ॲसिडिटी सांगितली आहे. रोज थंड दूध आणून देते, मी पितो. तुला माझी शपथ आहे, तिला कळवू नकोस.

रागावलीस तरी लोभ असू दे.

खुरप्या

२८ जानेवारी

चि. खुरप्यास,
अ. उ. आ.

आधी रडले, मग तुझ्यावर भयंकर चिडले, मग कात्री घेऊन बागेत गेले. शपथ पाळते. वहिनीला एक अक्षर कळवलेलं नाही. पण तुझी यादी मला मान्य नाही. मुळ्याचं एक बी मिळणार नाही.

सोबत ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या अंजिराची फांदी पाठवते आहे. आता नुसती काडी दिसेल, पण जिवंत आहे. फळ तिसऱ्या वर्षी धरतं. खड्डा हातभर खोल हवा. तुला वाकवत नसणार, म्हणून तो वहिनीकडून खणून घे. तुम्हीच का खणत नाही, असं ती विचारील. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव.

भीती मलाही वाटते. पण मोठी मी आहे. रांगेत माझ्यापुढे घुसायचं नाही.

अक्का

१९ फेब्रुवारी

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. यांना आठ वाजता आत नेलं. चार तास तरी लागतील म्हणाले.

तुमची फांदी आली त्या दिवशी यांनी मला खड्डा खणायला सांगितलं. मी कारण विचारलं. ती काडी हातात घेऊन हे पायरीवर बसले आणि सगळं बोलले. वन्सं, मला आधीच ठाऊक होतं. वाटाण्याच्या वेलांची सुतळी शोधताना बियांच्या डब्यात रिपोर्ट सापडला होता. मला माहीत नाही असं वाटतंय तोवर हे निवांत झोपतील, म्हणून मी गप्प राहिले आणि दूध देत राहिले. त्या दिवशी पायरीवर आम्ही खूप भांडलो. ऑपरेशनच्या कागदावर सही केल्याशिवाय कुदळीला हात लावणार नाही, असं मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी यांनी सही केली. जमीन गोठलेली होती, म्हणून फांदी इतके दिवस ओल्या वाळूत आडवी ठेवली होती.

काल खड्डा खणला. आज सकाळी निघायच्या गडबडीत फांदी लावली. पण तिचं कुठलं टोक खाली जातं तेच मला माहीत नाही. यांना विचारणार होते, तेवढ्यात फाटकाशी गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला आणि राहून गेलं. अंदाजाने लावली आहे.

हे शुद्धीवर आले की पहिलं तेच विचारणार आहे. उलटी असेल तर ओरडतील. ओरडू देत. तुम्ही मात्र उत्तरात कळवू नका. ते मला यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.

साडेदहा झालेत. लोभ आहेच, आज थोडा जास्त असू द्यावा.

आपली,
वहिनी