बाबांच्या रेडिओवरचा लाल ठिपका

रविवार संध्याकाळ, बोईसर

समुद्रकाठच्या आमच्या नवापूरहून बाबांचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन आले. त्याच्या एका टोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. कशासाठी? आईला फोन केला.

"धुक्यात किनारा दिसला नाय का, तुजा बाबा होडीत मुंबई स्टेशन लावून रेडिओ फिरवायचा. ठिपका मुंबईकडं वळला का आवाज बारीक व्हायचा. मंग डाव्या हाताला आपलं गाव."

आणि आम्हाला वाटायचं, गाणी ऐकायला नेतात!

सेल घातले, मुंबई स्टेशन लावलं, फिरवला. ठिपका दक्षिणेच्या, मुंबईकडच्या खिडकीकडे आला आणि आवाज खरंच बसला. डावा हात बाजूला पसरला. तिकडे तर डोंगर. आई चुकली?

नाही. बाबा समुद्रातून परतायचे. मी गाव सोडून इकडे, डोंगराच्या बाजूला आले. माझं नवापूर उजव्या हाताला.