नातवाच्या हातातला पेला

बाबा, तुमचा नातू उभा राहायला लागला. पालथा पडला, रांगला, तेव्हा मीही सगळ्यांसारखीच हसले होते. पण तो पहिल्यांदा उभा राहिला तो अंगणातल्या कुत्र्याच्या पाठीला धरून, आणि मी हातातलं काम टाकून धावले. घरातले टाळ्या वाजवत होते. कुत्रा दचकून वळला, पोरगं बदकन खाली बसलं, आणि त्याच्या पोटरीवर मला बारीक लाल ओरखडा दिसला. दाताचा की नखाचा, कोणालाच सांगता येईना.

माझं सासर धानवाल्यांचं, भातशेतीचं. इथे कुत्रा घरातलंच माणूस, पहिला घास त्याचा. सासूबाईंच्या अंगावर बांधावर रानडुक्कर धावून आलं तेव्हा हाच मध्ये पडला, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. त्यामुळे ओरखडा पाहून त्या हळद घेऊन आल्या. "काहून भेऊन राहिली व? घरचाच कुत्रा हाये. खेळता खेळता लागलं असन."

तुम्हीही असंच काहीतरी म्हणाला होतात. आंधळगावचं आपलं घर, तुमचा खड्ड्याचा माग. तुम्ही काठावर विणत बसलेले, पाय खाली मागाच्या पावड्यांवर, आणि गल्लीतलं ते पांढरं पिल्लू गारव्याला खड्ड्यात उतरून तुमच्या पायांशी निजायचं. एकदा पावडी दाबताना त्याच्यावर पाय पडला आणि त्याने टाचेला दात लावला. बोट कापल्यावर गुंडाळायचात तसा कोशाच्या रेशमाचा तुटका धागा तुम्ही टाचेला गुंडाळलात आणि पुन्हा धोटा फेकलात. आई दवाखान्याचं बोलली. "मागावरून लुगडं उतरवाचं हाये आज. अन् इवलसं पिल्लू ते, त्याच्यानं काय होते मले?" काही दिवसांनी पिल्लू मेलं. गल्लीतली पिल्लं मरतातच, म्हणून कोणी त्याचा विचार केला नाही. टाच भरून आली. आपण विसरलो.

मग ती सकाळ. आई पाण्याचा पेला पुढे करते आहे. तुम्हाला तहान आहे, तुम्ही हातही पुढे करता, आणि पाणी दिसताच कोणी गळा आवळल्यासारखे मागे सरता. पिल्लू पिसाळलेलं होतं हे तेव्हा कळलं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी शाळेच्या कपड्यांत दारात उभी. "पोरीले बाहेर ने," तुम्ही आईला म्हणालात. तुमचं एवढंच शेवटचं ऐकलं मी. मला तुमचा राग येतो बाबा, अजूनही येतो.

म्हणून मी सासूबाईंच्या हातातली हळद बाजूला केली. पोरगं रडून लाल झालं तरी नळाखाली साबण लावून त्याचा पाय धुत राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा. "एवढ्याशा लेकराले सुया टोचाले नेतं का?" सासूबाई चिडल्या. पण भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोराला मांडीवर धरून त्याच बसल्या, आणि सुई पाहून माझ्याआधी रडल्या.

सुया अजून संपल्या नाहीत. कुत्रा गोठ्यात बांधलाय. डॉक्टरांनी त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. कुत्रा दिसला की रस्ता बदलणारी तुमची लेक रोज सकाळी लांबूनच काठीने पाण्याचं घमेलं त्याच्यापुढे सरकवते आणि तो पिईपर्यंत तिथून हलत नाही. तो लपलप पितो, शेपूट हलवतो. आज प्यायला, पण उद्याचं काय, असं माझ्या मनात येतंच.

तुमचा नातू आता पेल्याने पाणी प्यायला शिकलाय. दोन्ही हातांनी धरतो, अर्धं अंगावर सांडतो. सासूबाई त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नात्यात पाठवतात. वेळेवर आणलंत, आता भिऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटतं, आणि तरी मी भिते. आईला यातलं काहीच कळवलेलं नाही. हा कागदही तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झाला की चुलीत घालीन. एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते. दिवसभर मी त्याच्यापुढे पेला धरते ना, तेव्हा बहुतेक वेळा त्याला तहान लागलेली नसते.