गादी सोडून घेतलेलं माप

प्रिय उजू,

'प्रिय' लिहिलंय. तू होतीस तेव्हा एकदाही लिहू दिलं नाहीस. आता खोडायचं असेल तर ये आणि खोड. ये ना!

तुला दिलेला शब्द मी आज संध्याकाळी मोडणार आहे. तुझ्या आईला, काकूंना, सगळं सांगणार आहे. तू असतीस तर नाही म्हणाली असतीस आणि मी मान खाली घालून गप्प बसलो असतो. जगाशी भांडणारा मी, तुझ्यापुढे कायम गप्प. म्हणून तोंडानं नाही, लिहून सांगतोय. विचारत नाहीये, सांगतोय.

आज सकाळी काकू मामाच्या वर्कशॉपवर आल्या. एकट्या, रिक्षानं. पिशवीतून एक गादी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मेढ्याच्या रेश्मासाठी शिवलेली. रेश्मा तुला माहीत नाही. तू गेल्यावर सुभेदारांच्या रविवारच्या सरावाला यायला लागली. तिचेही पाय तुझ्यासारखेच, कमरेखाली काही कळत नाही. आणि तिला तुझ्या खुर्चीवरून गोळा फेकायचाय.

"ह्या बारीला पातळ शिवलीया," काकू म्हणाल्या. "त्या येळंला म्या येडी कापूस कोंबत बसली. गादी जाड झाली म्हणून त्या सायबानं काढाय लावली. न्हाईतर पोरगी उघड्या लोखंडावर बसली असती का? माझ्याच हातानं गेली रं, इक्रम."

मी काय केलं माहितीये? डोक्यावरची वेल्डिंगची काच तोंडावर ओढली. हातात रॉड नव्हता, मशीन बंद होतं. काळ्या काचेआड नुसता उभा राहिलो.

काकू म्हणाल्या, "कर बाबा काम, कर." आणि गेल्या.

असा भेकड मी! भर मैदानात त्या साहेबाची कॉलर धरणारा!

उजू, तुला आठवतं का, तू वर्कशॉपवर पहिल्यांदा आलीस तो दिवस? मी कॉलेजच्या सुट्टीत साताऱ्याहून मामाकडे आलो होतो. सुभेदारांनी जीप दारात लावली. फौजेत एक पाय घालवून आलेला माणूस, पण आवाज असा की मामाच्या हातातला पाना पडला. "बसून गोळा फेकायची खुर्ची पायजे. जमिनीला पट्ट्यांनी बांधता येईल अशी. जमंल का?" मोबाइलवर फोटो दाखवला. मामा म्हणाला, आम्ही उसाच्या ट्रॉल्या बनवतो, खुर्च्या नाही.

तेव्हा तू जीपमधूनच बोललीस. "ट्रॉलीच्या मागंच आमची स्कूटी घुसली हुती, मामा. ट्रॉलीनं मला बसवलं. आता ट्रॉलीच्याच लोखंडाची खुर्ची करा की!"

मामाचा चेहरा पडला आणि तू खळखळून हसलीस. माझं काय व्हायचं ते तिथंच झालं.

त्याआधीची चार वर्षं तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. मला ते कधीच खरं वाटलं नाही. मी पाहिलेली उजू गोळा फेकताना अशी ओरडायची की हायस्कूलच्या ग्राउंडवरचे बगळे उडायचे. पहिल्या रविवारी गोळा तुझ्याच पायांपुढं पडला होता. "बघा, माझ्या पायाला लागला तरी दुखलं न्हाई, हा माझा फायदा!" असं म्हणालीस. सुभेदार आधी चमकले, मग पोट धरून हसले.

दोन महिन्यांत तुझे दंड भरले. तू खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतःच्या हातांवर उतरायला लागलीस. आणि एक दिवस न्हाणीत जाऊन आतून कडी लावलीस. काकू कडीच्या बाहेर उभ्या राहून रडत होत्या आणि गल्लीभर सांगत होत्या, "आतनं कडी लावली वं माझ्या उजीनं!" जणू तू कलेक्टर झाली होतीस. मला वाटतं कलेक्टर झाली असतीस तरी त्या इतक्या हरखल्या नसत्या.

त्याच कडीआड पुढं सगळं लपलं. हे काकूंना माहीत नाही.

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हा तू किती चिडली होतीस! "माझ्या नावावर नापास होऊ नगस. पट्टे बांधाय दुसरा कुणीबी मिळंल." दुसरा! दोन दिवस मी ग्राउंडवर आलो नाही, तिसऱ्या दिवशी झक मारत आलो. तुझ्या मांड्यांवरचा पट्टा आवळता आवळता मी बोलून टाकलं. इतके दिवस पाठ केलेलं सगळं विसरून, भलतंच, तोतरं. तू आकाशाकडे बघत म्हणालीस, "पट्टा सैल हाय. आवळ. आन डिग्री घिऊन ये, मग तोंड वर करून बोल."

हे नाही म्हणणं होतं का गं? मी अजून त्या वाक्यावर झुलतोय. डिग्री आणली असती तर काय म्हणाली असतीस? मला आता कोण सांगणार!

बरं. सांगलीच्या स्पर्धेचं बोलतो. बोलावंच लागेल.

नियम सुभेदारांनी मला वाचून दाखवला होता. खुर्चीची उंची पंच्याहत्तर सेंटीमीटरच्या वर नको. मी मामाचा भाचा. आमच्याकडे सेंटीमीटर चालत नाही, इंच आणि सूत चालतं. हिशोब केला, साडेएकोणतीस इंच. मामाला विचारलं, माप कुठून कुठपर्यंत? मामा म्हणाला, "जमिनीपास्नं पत्र्यापतोर. ट्रॉलीची उंची म्हंजी रिकाम्या ट्रॉलीची. भरलेला ऊस कोण मोजतंय?" मला ते इतकं बरोबर वाटलं! आणि तुला जितकं उंच बसवता येईल तितकं बसवायचं होतं, गोळा लांब जावा म्हणून. एक सूतही, इंचाचा आठवा भागही, सोडला नाही. लोखंडच बरोबर साडेएकोणतीस इंचावर आणलं.

गादीसकट मोजतात हे सुभेदारांनी वाचलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा तुझ्याकडे बघत होतो.

काकूंनी गादी जाड शिवली म्हणून काही झालं नाही, उजू. कागदाएवढी पातळ असती तरी ती नियमाबाहेरच गेली असती. गादीला जागाच ठेवली नव्हती मी. आणि ती बाई गेले पाच महिने कापसाला दोष देत बसलीय.

सांगलीच्या मैदानावर साहेबांनी टेप लावला आणि मान हलवली. वाईट माणूस नव्हता गं तो. म्हणाला, "गादी काढा, नाहीतर आमच्याकडं दुसरी खुर्ची आहे, ती घ्या. मऊ आहे." मऊ आहे म्हणाला होता! आणि माझं टाळकं फिरलं. आमची खुर्ची खोटी म्हणतोस? मी त्याची कॉलर धरली. चार माणसांनी मला ओढलं. त्या गोंधळात तू खणखणीत आवाजात म्हणालीस, "इक्रम, सोड त्यांला! गादी काढ. मी अशीच बसती."

मी गादी काढली. ती दुसरी खुर्ची आणली नाही, माझ्या अकडीपायी. तुला उघड्या पत्र्यावर बसवून मी पट्टे आवळले, आणि नेहमीपेक्षा जोरात आवळले, कारण रागात होतो.

सगळ्या कडा मी ग्राइंडरनं घासल्या होत्या. हात लागेल तिथला कोपरान् कोपरा. बसायचा पत्रा तेवढा घासला नव्हता. त्यावर गादीच येणार होती ना! तिथं वेल्डिंगचा एक दाणा राहिला होता. डाळीएवढा. त्यावर बसून तू सहा फेकी केल्यास, प्रत्येक फेकीला अंग पिळून, सगळा जोर देऊन. तुला काही कळणारच नव्हतं.

सहावी फेक आठवते? गोळा पडला, फेक बरोबर म्हणून पांढरा झेंडा वर गेला आणि तू दोन्ही हात वर करून ओरडलीस. साहेबसुद्धा हसला, ज्याची कॉलर अजून चुरगळलेली होती तो. तू पहिली आलीस. राज्याच्या निवडीला नाव लागलं. येताना टेम्पोत भडंगाचा पुडा फोडून सगळ्यांना वाटलास आणि शेंगदाणे वेचून स्वतःच खाल्लेस. काकू ओरडल्या, "आगं, माणसांस्नी काय चुरमुरं?" इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. देवाशप्पथ नव्हती.

आठ दिवसांनी ग्राउंडवर तू मला जवळ बोलावलंस. आरशात बघितलं म्हणालीस. मागं जखम आहे. मी म्हणालो, चल आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तू म्हणालीस, "मग डाक्टर सांगतील, बसू नका. आई गोळा बंद करंल. निवड महिन्यावर आलीया, इक्रम. चार वर्षं पडून काढल्यात मी. एवढा एक महिना दे. आईला सांगनार न्हाईस, घे माझी शपथ."

मी घेतली.

का घेतली? त्या दिवशी पहिल्यांदा तू माझा हात धरला होतास म्हणून. बास, एवढंच कारण आहे. लाज वाटते लिहायला. तुझं-माझं एक गुपित झालं याचाच मला आनंद झाला. मेडिकलमधून मलम आणून देत होतो आणि स्वतःला तुझा कोणीतरी समजत होतो.

तू आतून कडी लावत राहिलीस, काकू बाहेर खूश होत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात ताप आला. तू म्हणालीस सर्दीचा आहे. मी ते खरं मानलं, कारण तेच बरं होतं. मग सांगलीचा मोठा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, "ही जखम कधीपासूनची?" काकूंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "आम्हाला ठावंच न्हाई वं." आणि मी भिंतीकडे बघितलं. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. नवव्या दिवशी तू गेलीस.

तू का नाही सांगितलंस गं आईला? तुला कडी उघडता येत नव्हती का? मी रागावलोय तुझ्यावर. खूप रागावलोय. एका गोळ्यापायी? आणि लगेच वाटतं, चार वर्षं भिंतीकडे बघत काढलीस, तू कशापायी थांबत नव्हतीस ते तूच माझ्यापेक्षा जास्त जाणत होतीस.

तू गेल्यावर मी खुर्ची कापायला काढली होती. गॅसकटर पेटवला होता. सुभेदार आडवे आले. "तिच्यावर बसून पोरगी हसत हुती, गाढवा!" त्यांनाही खरं माहीत नाही. त्यांना वाटतं मी दुःखानं करतोय. खुर्ची वाचली. परवा मी तिचे चारी पाय कापून खाली घेतले, पत्रा घासून आरशासारखा केला, कडेनं कडेनं गालसुद्धा फिरवून बघितला. रेश्मा बसेल तर बसेल.

बसेल का पण? आज मी काकूंना सांगितलं, की उद्या ते गावभर होईल. रेश्माची आई ऐकेल. सरावाला येणाऱ्या बाकीच्या तीन पोरींच्या आया ऐकतील. रविवारी ग्राउंडवर सुभेदार एकटेच झेंडा घेऊन उभे राहतील. गोळा बंद होईल हेच भय दाखवून तू मला शपथ घातली होतीस आणि तेच भय स्वतःला दाखवून मी पाच महिने गप्प बसलोय. त्यातलं किती खरं आणि किती माझी कातडी वाचवणं, मला कळत नाही आता. दर सोमवारी काकू मला जेवायला वाढतात. तुझ्या ताटात. "खा रं, तूच आता माझं," म्हणतात. आणि मी खातो! ते ताटही आज जाईल. जाऊ दे.

रेश्मा उद्या आरशात काही बघेल आणि एखादा माझ्यासारखा शहाणा तिची शपथ घेऊन बसेल, तर? ते मला सोसायचं नाही. त्या आयांना कळू दे. शिव्या घालू देत. पण रोज संध्याकाळी पोरीचं अंग मागून तपासू देत.

काकू आता डेअरीला दूध घालून घरी पोचल्या असतील. मी निघतोय. तुला नवा शब्द देतो, जुन्याच्या बदल्यात. त्यांच्यासमोर काच ओढणार नाही. मापाचं सांगेन, दाण्याचं सांगेन, दुसऱ्या मऊ खुर्चीचं सांगेन, मलमाचं सांगेन. त्या चप्पल काढतील तर जागचा हलणार नाही. आणि त्यांनी विचारलं, "उजीला ठावं हुतं?", तर हो म्हणेन. तुलाही वाचवणार नाही मी. सांगेन की तिला ठाऊक होतं, आणि तरी तिला अजून एकदा फेकायचं होतं. त्यावर त्या माझ्यासारख्याच तुझ्यावर रागावू देत. स्वतःवर रागावणं तेवढं त्यांचं थांबू दे.

डिग्री नाही आणली. तरी तोंड वर करून जातोय.

तुझाच,
विक्रम