पटावर हजर

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मला रागवायला अजून तुम्हीच लागता. म्हणून लिहितेय.

मी सातवीत होते, कुळगावच्या आपल्या शाळेत. भातकापणीमुळे आठ दिवस आले नाही, तर नवव्या दिवशी तुम्ही चपला हातात घेऊन शिरगावच्या आमच्या शेताच्या बांधावर उभ्या. तिथे आता सोसायट्या आहेत. बाबा म्हणाले, पोरीनं शिकून शेवटी भातच रांधायचाय. तुम्ही वाद घातला नाहीत. हजेरीपत्रक उघडून माझ्या नावापुढची आठ दिवसांची लाल शाई त्यांना दाखवलीत आणि म्हणालात, "हे बघून मला झोप येत नाही." मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता, सगळे बघत होते ना.

आता मी कॅम्प पाच या वस्तीजवळच्या सरकारी शाळेत नववीला मराठी शिकवते. विज्ञानाची जागा रिकामी आहे, म्हणून तेही मीच शिकवते, जमेल तसं. पट घटला की तुकडी बंद होणार आणि आम्हाला कुठेतरी दुसरीकडे धाडणार. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धतच पडलीय, न येणाऱ्यांचीही हजेरी लावायची. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर एक मुलगी यायची बंद झाली. गणितात इतकी तल्लख, की फळ्यावरची सरांची चूक बसल्या जागेवरून सांगायची. तीन महिने मी तिला हजर लावतेय. आणि हजर असलेल्या मुलीला शोधायला कोण जाणार?

उद्या पटपडताळणी आहे. साहेब वर्गात येऊन मुलं मोजणार. आज शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. मायलेकी जीन्सच्या ढिगाजवळ बसून धागे कापत होत्या, दोघींची बोटं निळी झालेली. आई लगबगीनं उठली, तिनं पाणी दिलं. मी म्हटलं, हिला उद्या शाळेत पाठवा.

"मॅडम, पहिला महिनाभर ही रोज विचारायची," आई म्हणाली, "शाळेतून कोणी आलं होतं का म्हणून."

मला त्यांच्याकडे बघवेना. मुलीचा हात मात्र चालूच होता. मान वर न करताच तिनं विचारलं, "मॅडम, फक्त उद्या यायचं का रोज? पक्का बोला, सेठला तसं सांगावं लागेल."

मी म्हणाले, "रोज." तिनं मान हलवली, पण कात्री काही खाली ठेवली नाही. येईल की नाही, मला ठाऊक नाही.

बाई, हे पत्र तुमच्या घरच्यांनासुद्धा मी दाखवणार नाही. कारण शाळेतून तिच्या घरी निघताना माझ्या मनात फक्त उद्याचाच दिवस होता.