मिठाचं पाणी

आई,

सोलहून वाकून नमस्कार. तुझी नात येरिन बरी आहे, जेवते आहे, काळजी करू नकोस. तू घातलेली कोबीची किमची पोचली. तुझा गुडघा कसा आहे?

मंगळवारी तिच्या लघवीच्या पिशवीची तपासणी झाली. म्हणजे नीट झाली नाही. बारीक नळी घालून पिशवी भरतात आणि तिथेच पलंगावर लघवी करायला सांगतात. नळी जाताना तिने माझा हात असा धरला की नखं रुतली.

नर्सबाई मायेने म्हणाल्या, "आता थोडं मिठाचं पाणी सोडते हं."

तशी ती किंचाळली, "मीठ कशाला? मी अजून गादी ओली केली नाहीये!"

तू तिला गमतीने सांगितलं होतंस ना, अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला डोक्यावर पाखडायचं सूप घालून शेजारी मीठ मागायला धाडतात, लाज वाटावी म्हणून? पोरीने ते मनात धरलंय. पोट टम्म फुगलं, रडून रडून घसा बसला, पण थेंब सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, पिशवी काम करत नसेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.

समजावलं तर म्हणते, "आजी म्हणाली तरच खरं." म्हणून तूच तिला मोठ्या अक्षरांत लिही, की हॉस्पिटलची गादी ओली केली तर मीठ मागावं लागत नाही.

पण दुखणार नाही, असं लिहू नकोस. ते मी मंगळवारी सांगितलं होतं.

तुझी,
मिग्यंग