कॉफीतली पाल

१० मे १९९५
आले एकदाचे! साताऱ्याच्या कॉलेजचं उन्हाळी शिबिर — बावीस मुलंमुली आणि त्यांचे हनुमंतराव सर. शाळेत उतरलेत. वीस दिवस राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून घरोघर फिरणार, आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची ओळख करून घेणार, शब्द लिहून घेणार. एकीनं दारातच विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, "इथल्याच!" तीनशे वर्षं झाली बाई, अजून मूळ विचारता!

सरांनी मला 'अगदी शुद्ध लिहिता हो' म्हटलं. अप्पांनी लहानपणी बसवून शिकवलं, आणि पुढं हिंदीची शिक्षिका झाले म्हणून अक्षर टिकलं. ही वही कॉफीच्या डब्याशेजारी उघडीच पडलेली असते. आमच्या ह्यांना आणि लेकीला, गायत्रीला, तमिळ नि इंग्रजीच वाचता येतं. कुलूप कशाला? देवनागरी हेच माझं कुलूप!

१२ मे
आठ जणं जेवायला होती. डांगर पच्चडी तीनतीनदा मागून घेतली. मी 'उगे बैसा, मी वाढतें' म्हटलं तर सगळ्यांच्या वह्या बाहेर — "काकू, 'उगे' पुन्हा म्हणा ना!" असली ऐट आली मला! माझं साधं बोलणं लोक लिहून घेताहेत!

मग कॉफी. गायत्री घेऊन आली. सतरा वर्षांची झाली, पण मी मराठीत विचारायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, हेच चालत आलेलं. आज मात्र तोंड उघडलं. पाहुण्यांतल्या एका चष्म्याच्या मुलीला म्हणाली, "कॉफींत अजून पाल घालूं?"

त्या पोरीनं पाय वर घेतले आणि भिंतीकडे पाहिलं. मग जो हशा उसळला! गायत्रीला कळेचना. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. "भिंतीवरची ती पल्ली! हें पाल!" — बिचारी भांडं पुढं करून दाखवत होती.

मीही हसले. सगळ्यांच्यापेक्षा मोठ्यानं. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

१३ मे
गायत्री बोलत नाही. तमिळमध्येसुद्धा नाही.

१४ मे
इतक्या वर्षांनी पोरीच्या तोंडून मराठी आली आणि मी दात काढले. पाहुण्यांपुढं माझी मराठी मिरवायची होती ना! 'चुकलं माझं' म्हणायला दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. दोनदा 'जेवायला चल' म्हणून परत आले.

१७ मे
चष्म्याची मुलगी येऊन गायत्रीची माफी मागून गेली! सरळ हात धरून. वर म्हणाली, बाजारात, बसमध्ये आमचं काही चालत नाही, तू आमच्याबरोबर फिर. गेली की! मला मात्र अजून 'हूं' आणि 'वेण्डाम', नको, एवढंच.

२१ मे
बाळकृष्णराव वाटेत भेटले. ऐंशीचे आहेत, बोलताना अर्धी तमिळ मिसळतात. शिबिराची पोरं काल त्यांच्याकडे गेली होती आणि म्हाताऱ्याचं एक अक्षर त्यांना कळेना. मग गायत्री मधे बसली. बाळकृष्णराव रस्त्यातच ओरडून सांगत होते — "सीतालक्ष्मी, तुझी लेक मराठी मराठींत समजावून सांगती! ऐकलीस कां?"

मराठीचं मराठीत भाषांतर! आणि करणारी कोण, तर आमची मुकी! छाती एवढी फुगली की भाजी घ्यायची राहिली, तशीच घरी आले. ती समोर बसून जेवत होती. एवढा अभिमान वाटत होता आणि मी म्हणाले काय? "भात जरा मऊच झाला."

२५ मे
पोरं तिच्याशिवाय हलत नाहीत. पापनाशमला गेली तर बसवाल्याशी तीच भांडली म्हणे! तिच्या दावणीच्या, अर्ध्या साडीच्या, पदराला रोज खडू लागलेला असतो. शाळेच्या फळ्यावर कसले खेळ खेळतात कोण जाणे.

२९ मे
पोरं गेली. स्टेशनवर चष्म्याची मुलगी गायत्रीच्या गळ्यात पडून रडली. हनुमंतराव सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिबिर हिनंच चालवलं." मी पदर नीट करत राहिले, नाहीतर तिथंच रडले असते. केवढी मोठी झाली! ह्या वहीला हजारदा सांगितलं, आता तिला सांगायला हवं. त्या दिवशी हसले तेही. उद्या सकाळी सांगते. नक्की!

३० मे
आइ, कुलुप उघडल. पाच दिवस लागले वाचायला. तुं हसलीस तें वाचलं. भाजी राहिली तें पण. आतां कांही सांगूं नको. कॉफी केलीं आहे, ये. पाल जास्त घातली.
गायत्री