निळ्या दोऱ्याची क्लॅरिनेट

प्रिय बाबा,

पत्रात क्लॅरिनेट हा शब्द दिसला म्हणून लगेच घडी घालून ठेवू नका. फोनवर मी विषय काढला की तुम्ही फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता. पत्राला तसं करता येत नाही. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

कपाटावरची ती क्लॅरिनेटची पेटी माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, लाकूड कशाला तरी उपयोगी पडेल, बाकीचं फेकून दे. तुमचं ऐकायचं असतं तर तुम्ही माझं नाव उचापती कशाला ठेवलं असतं? माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आणून पेटी उघडली आणि जीव हळहळला. वरच्या तुकड्याला उभी चीर गेली होती, छिद्रांवरच्या गाद्यांचा भुगा झाला होता, चाव्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तुकडे एकमेकांत बसतात तो वरचा जोड तर पुरता आत न जाता बाहेर ओढलेल्या अवस्थेतच घट्ट अडकून बसला होता. मला नवल वाटलं. जो माणूस वर्तमानपत्राची घडीसुद्धा कडेला कड लावून घालतो, तो आपलं वाद्य असं अर्धवट बसवेल? हळूहळू हलवत जोड सोडवला, तर आत निळा दोरा. एकावर एक, घट्ट, सारखे वेढे. ओढलेला जोड डुगडुगू नये म्हणून गुंडाळलेला. आईच्या शिवणाच्या डब्यातली रिळं कुठे गायब व्हायची आणि बोलणी आम्ही पोरं का खायचो, ते एवढ्या वर्षांनी कळलं!

चीर त्याच जातीच्या लाकडाचा भुसा सरसात कालवून भरली, नव्या गाद्या बसवल्या. तेल मात्र थोडं थोडं पाजलं, तहानलेल्या लाकडाला एकदम भरपूर दिलं तर ते फुगतं. मग जोड पुरता आत बसवून वाजवून पाहिली. बाबा, एकही सूर दुसऱ्याशी भांडत नव्हता. पण शेजारच्या पियानोशी ताडून पाहिलं तर सगळेच्या सगळे सूर वर. आधी तोंडाजवळच्या, फुंकायच्या पत्तीवर संशय घेतला, मग माझ्याच कामावर. शेवटी दुकानातली दुसरी क्लॅरिनेट शेजारी ठेवली, आणि डोकं धरून खाली बसले. तुमची क्लॅरिनेट अंगठ्याच्या नखाएवढी आखूड आहे. छिद्रंसुद्धा त्याच मापाने एकमेकांच्या जवळ. ती बिघडलेली नाही, जुन्या चढ्या पट्टीची आहे. पूर्वी कित्येक बँड त्या पट्टीत वाजवायचे, मग पट्टी खाली आली आणि ही वाद्यं मागे पडली.

आता आठवून पाहा. कारखान्याच्या बँडमध्ये तुमच्या मामांची ही क्लॅरिनेट घेऊन तुम्ही वाजवायचात तेव्हा सगळे माना डोलवायचे. मग नवे बँडमास्तर आले, त्यांच्याबरोबर सगळ्यांना नवी कोरी वाद्यं आली. मामांची आठवण म्हणून तुम्ही मात्र आपली जुनीच ठेवलीत. आणि वर्ष सरायच्या आत तुमचा सुराचा कान गेला असं ठरवून तुम्हाला बँडमधून घरी बसवलं. तुमच्या एकट्याची पट्टी वेगळी आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तुम्हीही आपला कानच गेला असं मुकाट्याने मानून घेतलंत. नळी लांबवून सूर खाली आणायला जोड ओढून दोरा गुंडाळत राहिलात; पण जोड ओढला की काही सूर जास्त उतरतात, काही कमी, म्हणून तुम्ही जितकं जुळवायला जाल तितकं ते बिघडणार. त्यानंतर घरात तुम्ही साधं गुणगुणलाही नाहीत. माझ्या लेकीला झोपवतानासुद्धा गप्प बसता, तिचा कान बिघडेल म्हणून! वेडे आहात का बाबा? लांबलांबून लोक माझ्याकडे वाद्यं घेऊन येतात ती माझ्या कानावर विश्वास ठेवून. हा कान मला आईकडून आला असं म्हणायची तुमची हिंमत आहे का? तिचं अंगाईगीत ऐकून मांजर घर सोडून गेलं होतं. माझा कान तुमचाच आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

दुकानातला माझा भागीदार म्हणाला, थोडी लांब नळी करून जोडू या, येईल खाली. मी साफ नाही म्हटलं. जन्मभर जुळवून घेण्याचं काम तुम्ही एकट्यानेच केलंत, आता पुरे. म्हणून हे पत्र. माझ्या ओळखीतले दोन व्हायोलिनवाले आणि एक चेलोवाली येत्या रविवारी दुकानात येणार आहेत. तारांची वाद्यं खुंट्या पिळून वर चढवता येतात, आणि ती तिघं तुमच्या पट्टीला यायला खुशीने तयार आहेत. निळा दोरा मी काढलाय. पेटीच्या कप्प्यात ठेवलाय, पण आता तो लागायचा नाही. तुम्ही फक्त या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसा आणि एक सूर लावा. तो कुणाशी जुळतोय का ते बघू नका. त्या दिवशी सगळ्यांनी सूर तुमच्याकडून घ्यायचाय.

तुमचीच, आणि तुमच्याच कानाची,
उचापती